खेकड्याच्या खांबापाशी

१

त्या रात्री मला झोप का आली नाही, हे सांगायची लाज वाटते. कर्ज नव्हतं, आजारपण नव्हतं, नवऱ्याशी भांडणही नव्हतं. डोक्यात एवढंच फिरत होतं, की स्टेशनवर इशिताचा हात माझ्या हातातून सुटला, तर ती काय करेल?

सुटला नव्हता. सुटायची वेळही कधी आली नव्हती. साडेचार वर्षं मी तो हात इतका घट्ट धरत आलेय, की बालवाडीच्या बाईंनी एकदा विचारलं होतं, मनगटावर हे कसले वळ? तरीपण मी नीरजला हलवून उठवलं.

"ती मुलगी आहे, संचिता. सुटकेस नाही," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "ओरडेल. अख्खं स्टेशन डोक्यावर घेईल. सापडणार नाही असं होणारच नाही. झोप आता."

त्याचं खरं होतं. आमची मुलगी झोपेतही बडबडते. पण रात्री खऱ्या गोष्टींचा काही उपयोग होत नाही. मी उठून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तिनं ते लगेच लाथाडलं, आणि मला थोडं बरं वाटलं.

२

हे सगळं डोक्यात शिरलं ते गुणवंतभाईंमुळे. ते पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीला पंचवीस वर्षं होणार म्हणून मोठा कार्यक्रम ठरला होता आणि सुरत, नाशिक, कुठून कुठून पाहुणे येणार होते. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा एक चूक हमखास करतो. मुंबईत पश्चिम म्हणजे बरी बाजू, असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. त्यामुळे तो पश्चिमेला उतरतो, आणि मग खारफुटीकडे तोंड करून फोन लावतो : अहो, इथे तर काहीच नाहीये.

"बेन, आप लिखो ने," गुणवंतभाई म्हणाले. "स्टेशन का पूरा माहिती. लिफ्ट किधर, टॉयलेट किधर, रिक्षा किधर. ग्रुप पे डाल देंगे. मराठी तमारी एकदम फर्स्ट क्लास."

मूल होण्याआधी मी एका कंपनीत वेबसाइटचा मजकूर लिहायचे. मूल झाल्यापासून पाणी येणार नाही याच्या नोटिसा लिहिते. तेव्हा ही बढतीच होती. मी मन लावून लिहिलं. "गाडीतून उतरल्यावर पूर्वेकडे यावे. पश्चिमेला फारसे काही नाही. लिफ्ट पुलाच्या टोकाला आहे, पण ती बंद असू शकते हे गृहीत धरूनच सामान आणावे. स्वच्छतागृह पाण्याच्या टाकीला लागून आहे."

शेवटी मी एक परिच्छेद आपल्या मनानंच घातला : लहान मुले सोबत असल्यास.

पूर्वेकडच्या फलाटावर, पाण्याच्या टाकीशेजारी एक खांब आहे. कुठल्याशा शाळेच्या मुलांनी त्यावर केशरी खेकडा रंगवलाय. एक डोळा वर, एक खाली, आणि नांग्या खांबाला वळसा घालून मागे गेलेल्या. लहान मुलाला वाचता येत नसलं तरी खेकडा ओळखता येतो. मी लिहिलं : "मुलाला आधीच सांगून ठेवावे. हात सुटला तर खेकड्याच्या खांबापाशी जाऊन पाठ टेकून उभे राहायचे. कुणीही बोलावले तरी हलायचे नाही. आई येईल."

वाचून पाहिलं. छान वाटलं. मग वाटलं, स्वतःच्या मुलीवर करून न बघता हे मी इतरांना कसं सांगू? माझं डोकं असंच चालतं. पुढचं सगळं या एका सरळ विचारातून झालं.

३

दुपारी आमचं स्टेशन रिकामंच असतं. मिठागरांकडून वारा येतो, बाकांवर कुत्री झोपलेली असतात, पंखे कुणासाठी फिरतायत कळत नाही. बालवाडी सुटली की मी इशिताला घेऊन तिथे जायला लागले. फलाटाच्या कठड्याला लागूनच, बाहेरच्या बाजूला, पाली गावच्या चंद्रावती मावशी सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसतात. त्यांना सगळा फलाट जाळीतून दिसतो.

"आपण एक खेळ खेळायचा," मी इशिताला म्हटलं. "तू हरवलीस."

"नाही हरवले. ही काय मी."

"समज हरवलीस. मग तू काय करायचं? खेकड्याला पाठ टेकून उभं राहायचं. हलायचं नाही. मी येईन."

"तू कुठून येणार?"

"लिफ्टच्या मागून."

"मग मी लिफ्टच्या मागेच येते ना. लवकर होईल."

मी लपले. ती पाठोपाठ आली. पुन्हा लपले, तर ती कुत्र्याशी बोलत बसली. तिसऱ्या वेळी खांबापाशी उभी राहिली खरी, पण एका पायावर. मग दुसऱ्या पायावर. मग खेकड्याच्या नांग्या मागे कुठे संपतात ते शोधत खांबाभोवती गोल गोल. मी लिफ्टच्या मागून डोळे वटारले, तर ती मलाच हात करून ओरडली, "आई, तू दिसतेयस!"

जाळीपलीकडून चंद्रावती मावशी हसत होत्या. "काय गो, पोरीला टाकून जायाचं शिकतंस का काय? अशी न्हाय जायाची ती. लांब न्हेऊन टाकली तरी घरी पोचंल ती."

मीही हसले. रात्री नीरजला सांगितलं तेव्हा तोही हसला. "सोड ना. ती नाही उभी राहणार. तिच्या रक्तातच नाही. माझी आई बोलते, मी पण असाच होतो."

मी सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं आता म्हणणं सोपं आहे. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की जी मुलगी एका जागी उभी राहत नाही, ती सापडत नाही.

४

ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी मी जरा रागातच होते. तिनं पाण्याच्या टाकीखाली जाऊन सँडल भिजवले होते. मी तिला खांबाशी नेऊन उभं केलं, खांदे धरून पाठ खेकड्याला टेकवली आणि म्हटलं, "आता हललीस ना, तर मी येणारच नाही."

लिफ्टच्या मागून पाहिलं तेव्हा ती उकिडवी बसून खेकड्याच्या पायाचा रंग नखानं खरवडत होती. तेवढ्यात न थांबणारी लांब पल्ल्याची गाडी आली. तिचा तो भोंगा, तो हादरा, मग धूळ आणि कागद. मी डोळे मिटून तोंडावर ओढणी घेतली. गाडी गेली. डोळे उघडले.

इशिता उभी होती. पाठ टेकलेली, दोन्ही हात अंगाला चिकटलेले, टाचा जुळलेल्या. शाळेत प्रार्थनेला उभी करतात तशी. मी वाट पाहिली. कुत्रं तिच्यासमोरून गेलं. कुणीतरी टाकीवर बाटली भरली. ती हलली नाही. मला इतका आनंद झाला, की मी मुद्दाम आणखी थोडी थांबले.

मग गेले. समोर उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण पळत आली नाही. पत्ता शोधत आलेला माणूस दारावरची पाटी वाचतो, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"इशिता," मी म्हटलं.

तेव्हा तिनं हात पुढे केला. मी तो धरला, पापा घेतला, शहाणी माझी बाय, म्हटलं. चिक्की घ्यायचं कबूल केलं. कुठली, ते तिनं विचारलं नाही.

पुलाचा जिना चढताना मागून कुणीतरी "आई" म्हणालं. स्टेशनवर कुणी "आई" म्हटलं, की निम्म्या बायका वळून बघतात. मी वळले नाही. माझी माझ्या हातात होती.

५

त्यानंतर घर ऐकू यायला लागलं.

फ्रिज मध्येच घुरघुरून थांबतो हे मला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी दुपारी पाटा-वरवंटा वापरतं, हेही नव्हतं. इशिता चित्रं काढायची, जेवायची, विचारलं तर बोलायची. "इथे थांब हं, दूध बघून येते," असं मी पॅसेजमध्ये म्हणाले आणि मग गॅस, बेल, फोन असं होत गेलं. कपडे वाळत घालून परत आले, तर ती पॅसेजमध्ये तिथेच होती. भिंतीला पाठ टेकून. दिवा लावला नव्हता तिनं.

"अगं, बसायचं ना!"

"तू थांब म्हणालीस."

आता यात तक्रार करण्यासारखं काय आहे? बालवाडीच्या बाई म्हणाल्या, फारच सुधारली हो. नीरज खूश. तो रविवारी तिला घेऊन केस कापायला गेला आणि आल्यावर म्हणाला, "एकदा पण मान हलवली नाही. न्हावी मला बोलला, साहेब, आपकी बेबी को क्या खिलाते हो?" गुणवंतभाईंनी ग्रुपवर माझी माहिती टाकली होती. तिला अंगठे आणि फुलं येत होती. कुणा ममतानं लिहिलं होतं, खेकड्याची आयडिया फारच उपयोगी.

'अचानक शहाणं झालेलं मूल' असं मी फोनवर शोधलं. सगळे लेख माझं अभिनंदन करत होते.

आंघोळ घालताना मी तिच्या पाठीवरचा तीळ पाहिला. तो जागेवर होता. आपण हे काय पाहतोय म्हणून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला.

६

कोथिंबीर आणायला एकटीच बाहेर पडले होते. इशिता नीरजपाशी होती. कठड्याशी चंद्रावती मावशींनी हाक मारली.

"काय गो, काल पोरीला इसारलीस का काय?"

"कुठे, मावशी?"

"कुटं म्हंजे? थय, खांबाशी. कवाधरनं उभी होती."

"काल आम्ही आलोच नाही. काल तिला बालवाडीला सुट्टी होती."

"तेच बोलतंय मी. तू न्हाय आलीस. पोर होती." त्यांनी बोंबलावरची माशी हाकलली. "मी हाक मारली, ये गो बाय, हय बस माजेकडं. तर बोलली, आईनी सांगितलंय हलायचं न्हाय."

"दुसरी कुणीतरी असेल हो, मावशी. आता खूप जणी शिकवतात मुलांना. मीच लिहिलंय ते."

"असंल." त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. "डोल्यात मोतीबिंदू हाय माजे, पन कान चांगले हायत. आवाज तुजे पोरीचा. रडून रडून बसलेला होता, येवडंच."

"मग कुठे गेली ती?"

"गाडी आली, मानसं उतरली. मंग मना दिसली न्हाय. तू न्हेली आसंल, आसं वाटलं मना."

त्यांना दिसत कमी होतं. स्टेशनवर मुलं असतातच. मावशींना थट्टा करायची सवय होती. अशी तीन कारणं मी घरी येईपर्यंत व्यवस्थित लावून घेतली. कोथिंबीर घ्यायची राहिली.

दार नीरजनं उघडलं. त्याच्या मागे, चपलांच्या रॅकपाशी, इशिता उभी होती.

"तू गेल्यापासून इथेच आहे," तो कौतुकानं म्हणाला. "म्हटलं टीव्ही लावू? नको म्हणाली. आईची वाट बघतेय."

७

मी तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. यातून माझ्याबद्दल काय कळायचं ते कळतंच.

"आपण डोंगरावर गेलो होतो, तिथे तुला काय चावलं होतं?"

"मुंगळा."

"कुठे?"

"डाव्या पायाला."

"आजीच्या घरी झोपाळ्यावरून कोण पडलं होतं?"

"मी."

सगळं बरोबर. एकही उत्तर चुकलं नाही, आणि तेच मला सोसत नव्हतं. इशिताला मुंगळ्याबद्दल विचारलं असतं, तर तिनं आधी मुंगळ्याची आई कुठे असते ते विचारलं असतं. मग स्वतःचा पाय दाखवायला सोफ्यावर चढली असती आणि पायाऐवजी मला बेंबी दाखवली असती. ही मला माहिती देत होती. मी पाहुण्यांसाठी लिहिते तशी. विचारलं तेवढंच, स्पष्ट, खाली मान न घालता.

नीरजला सांगितलं. त्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला.

"ऐकत नव्हती, तेव्हा तू रडायचीस. आता ऐकते, तर घाबरतेस. नक्की काय हवंय तुला?"

"ती हवीये."

"अगं, समोर बसलीये."

ती समोर बसली होती. पाठ सरळ, हात मांडीवर. आमच्याकडे बघत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं, की मुलं लाजतात नाहीतर मधे पडतात. ती आमचं बोलणं संपायची वाट बघत होती.

"डॉक्टरकडे जाऊ या," नीरज हळूच म्हणाला. "तिच्यासाठी नाही."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. कारण तो म्हणत होता तेच खरं असलं, तर सगळ्यात बरं होतं. माझं डोकं बिघडलंय, आणि मुलगी घरी आहे. उलट असलं, तर माझं डोकं ठीक होतं, आणि मुलगी कुठे होती, ते मला माहीत होतं.

मी गुणवंतभाईंना फोन करून सांगितलं, तेवढा खेकड्याचा परिच्छेद काढून टाका.

"अरे बेन, क्यूं? सबको वोही तो पसंद आया."

८

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी इशिताला घेऊन स्टेशनवर गेले. पूर्वेच्या फलाटावर थेट जायला मला जमलं नाही. मी स्वतःला सांगितलं, समोरच्या, पश्चिमेकडच्या फलाटावरून तो खांब दिसतो का, एवढं बघून घ्यावं. माहितीत भर घालता येईल. माणूस स्वतःशी किती सभ्यपणे खोटं बोलतो.

पूल ओलांडला, उतरलो. फलाटावर आम्ही दोघी आणि वारा. समोर, रुळांपलीकडे, पाण्याची टाकी. तिच्या बाजूला खांब. खेकडा. त्याचा वरचा डोळा इतक्या लांबूनही दिसत होता. खांबापाशी कुणीच नव्हतं.

मला हसू आलं. मी खाली वाकून इशिताला म्हणाले, "चल, डोसा खाऊ या?"

"हो," ती म्हणाली.

तेवढ्यात मधल्या रुळावर मालगाडी आली. जवळपास रिकामी. नुसते सपाट डबे, एकावर कुठे कंटेनर, पुढे चार-सहा मोकळे, मग पुन्हा एक. समोरचा फलाट झाकला जात होता, उघडत होता. चाकांचा आवाज पोटात बसत होता. मी बघत राहिले, कारण समोर तेच होतं.

खांब. मग कंटेनरची लाल भिंत. मग पुन्हा खांब, आणि त्याच्यापाशी कुणीतरी लहान.

नीट दिसत नव्हतं. धूळ होती. मी चेहरा पाहिला असं मी म्हणणार नाही. पाठ खांबाला टेकलेली होती. पाय एकमेकांवर आवळून धरलेले, फ्रॉक पुढून मुठीत गोळा केलेला. खूप वेळ सूसू दाबून धरलेलं मूल असंच उभं राहतं. स्वच्छतागृह टाकीला लागूनच आहे. ती जात नव्हती. तिचा एक पाय मधेच पुढे यायचा आणि आपण चूक केली असं आठवल्यासारखा चटकन मागे जाऊन खांबाला लागायचा.

लाल भिंत.

दुसरी कुणाची असेल. कुणीतरी माझी माहिती वाचून आपल्या मुलीला उभं केलं असेल. तिची आई लिफ्टच्या मागे असेल. मी लिफ्टकडे पाहिलं. लिफ्टच्या मागे कुणी नव्हतं.

डबे येतच होते. गाडी संपायच्या आत पुलावरून पलीकडे पोचता येईल का, याचा मी हिशोब करत होते. जिना आमच्या पाठीमागेच होता. मी वळले. हातातला हात वळला नाही. इशिता जिथे होती तिथेच उभी होती, सरळ, आणि ओढूनही मला तिला जागेवरून हलवता येईना. साडेचार वर्षांच्या मुलीला.

मग मी ओरडले. माझ्याकडे एकच नाव आहे, तेच मी ओरडले, रुळांच्या दिशेनं, सगळ्या ताकदीनं.

"इशिता!"

मालगाडीच्या आवाजात ते पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. पुढच्या मोकळ्या डब्यावरून दिसलं, तेव्हा खांबापाशी दोन्ही हात वर झाले होते, उचलून घे म्हणताना होतात तसे.

माझ्या हातातली बोटं आवळली गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता.

"तिला नको ना आणू घरी, आई," ती म्हणाली. "मी एकदा तरी हलले का?"